टाकीचे पाणी

बाईंनी परात उचलली आणि तिच्यातला धुतलेला कोळसा सरळ कचऱ्याच्या डब्यात उपडा केला. ओला तपकिरी चिखल डब्याच्या कडेवरून ओघळून फरशीवर आला.

"किती दिवस चाललंय हे?" त्यांनी विचारले.

"आजचा चौथा," मावशी म्हणाल्या. "डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र सोमवारपासून बंद आहे. सांगायला आले होते, तर तुम्ही हाताच्या खुणेनंच जा म्हणालात."

"म्हणून टाकीचं पाणी घेतलंत?"

"पाणी ते पाणी. आपण सगळे तेच पितो की."

"आपण पितो. कोळसा पीत नाही."

मावशी नमुने तयार करण्याच्या कामावर होत्या. दगड फोडायचा, चाळायचा, आम्लात भिजवायचा, धुवायचा, सुकवायचा. वय पन्नाशीच्या पुढचे, आणि ऐकून घेण्याची सवय फारशी नाही. त्यांनी फडके आणले, पण फरशी पुसली नाही; ते बाईंच्या पायाशी टाकले आणि हात बांधून उभ्या राहिल्या.

"मघाशी त्यातलाच एक नमुना भट्टीत लावलाय," त्या म्हणाल्या. "तोही काढून फेका हवा तर."

भट्टी आठशे अंशांवर होती. तिचे झाकण मध्येच उघडता येत नव्हते, नाहीतर बाईंनी तोही खरोखरच फेकला असता.

बाईंचे सगळे आयुष्य या हलक्या प्रतीच्या कोळशात गेले होते. खाणीतून येतानाच तो निम्मा पाण्याने भरलेला. जाळावा तर धूर फार आणि ऊब कमी. त्याला वाफेत तापवून त्याचा जळाऊ वायू करायचा आणि ते काम लवकर उरकावे म्हणून त्यात उत्प्रेरक घालायचा, एवढाच काय तो खटाटोप. उत्प्रेरक म्हणजे पोटॅशियमचा पांढरा क्षार. सुरुवातीला तो झपाट्याने कामाला लागे आणि अर्ध्या वाटेत ढेपाळे. कोळशात चिकणमाती असते, आम्लानेही ती जात नाही, आणि ती पोटॅशियमला धरून बसते. गेली तीन वर्षे बाई तेच पाहत होत्या. चाळीस मिनिटे झाली की भट्टीतल्या टोपलीत निम्मा कोळसा तसाच.

अकरा वर्षांपूर्वी मात्र तो ढेपाळला नव्हता. तेव्हा चाळीस मिनिटांत टोपली रिकामी झाली होती, एकदा नव्हे, सहा वेळा. बाईंनी त्यावर शोधनिबंध लिहिला, सभांमधून टाळ्या घेतल्या. मग दुसऱ्या दोन प्रयोगशाळांनी तोच प्रयोग करून पाहिला आणि त्यांच्या हाती काहीच लागले नाही. चौकशी बसली. त्या वेळी कोळसा धुणारा माणूस होता बाईंचा सख्खा थोरला भाऊ. मी डिस्टिल्ड पाणी आणि पोटॅशियम सोडून काही वापरलेले नाही, बाई म्हणाल्या. भावानेच बहिणीच्या मायेपोटी नमुन्यात काहीतरी मिसळले असावे. हे त्यांनी सगळ्यांसमोर, पाण्याचा घोट घेऊन, शांतपणे सांगितले. भावाची नोकरी गेली, निबंध मागे घेतला गेला, बाईंची नोकरी राहिली. त्यानंतर त्यांच्या टेबलाशी डबा उघडून बसायला कोणी आले नाही, आणि बाईंनी कोणाला बोलावलेही नाही.

भट्टीतली टोपली तराजूला टांगलेली असे. कोळशाचा वायू होत गेला की वजन उतरे आणि शेजारच्या कागदावर रेघ खाली येई. बाई फडक्यावर पाय ठेवून कागदापाशी गेल्या, त्या या नमुन्याची नोंद खोडून काढायला. रेघेने त्यांना थांबवले. ती नेहमीच्या जागी वळायला हवी होती, वळली नव्हती. सरळ खाली चालली होती. बाईंनी घड्याळ पाहिले. एकोणचाळिसाव्या मिनिटाला रेघ तळाला जाऊन आडवी झाली. टोपलीत आता राखेशिवाय काही नव्हते.

बाई हात धुवायच्या बेसिनपाशी गेल्या. तोटीच्या तोंडावर पांढरा खडबडीत थर होता. इतकी वर्षे तो तिथे होता आणि त्याला त्या रोज नावे ठेवत. त्यांनी नखाने त्याचा तुकडा उचकटला. टाकीतले पाणी जड, कॅल्शियमने भरलेले. आम्लातून निघालेला असला कोळसा पाण्यातले कॅल्शियम ओढून घेतो. माती मग त्या कॅल्शियमशी झगडत बसते आणि पोटॅशियम मोकळे राहते. कॅल्शियमही उत्प्रेरकच; म्हणजे एक उत्प्रेरक मार खातो, दुसरा काम करतो. दोन्ही मिसळून वापरण्याची ही युक्ती चार वर्षांपूर्वी परक्या एका प्रयोगशाळेने छापलीही होती. बाईंनी तो निबंध दात-ओठ खात वाचला होता. पण तो आपल्याच कोळशाविषयी आहे हे त्यांच्या डोक्यात आले नव्हते, कारण आपल्या वहीत डिस्टिल्ड पाणी असे लिहिलेले होते, आणि लिहिणाऱ्या त्या स्वतः होत्या.

त्या वळल्या, डब्यापाशी गुडघे टेकून बसल्या आणि दोन्ही हातांनी कोळसा पुन्हा परातीत भरू लागल्या.

"आता कशाला?" मावशी म्हणाल्या. "कोळसा तर पाणी पीत नाही ना?"

बाई भरतच राहिल्या. मावशींनी वाकून मदतही केली नाही.

*

संचालकांनी आलेख दोनदा पाहिला आणि टेबलावर उलटा ठेवला.

"छान आहे," ते म्हणाले. "चार वर्षं उशिरा, पण छान आहे."

"अकरा वर्षांपूर्वी हेच झालं होतं. त्या सहा नमुन्यांनाही टाकीचंच पाणी लागलं असणार. म्हणजे मिश्र उत्प्रेरक सगळ्यांत आधी इथं झाला, या इमारतीत. माझा निबंध खोटा नव्हता."

"असणार, झालं असणार." संचालकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. हे गृहस्थ चौकशीच्या वेळी उपसंचालक होते आणि तेव्हाही चष्माच पुसत होते. "बाई, तुमच्या वहीत डिस्टिल्ड लिहिलंय. आता अकरा वर्षांनी तुम्ही म्हणता, नाही, ते टाकीचं होतं. लोक हसतील. आधी काहीतरी मिसळलं होतं, आता पाणी बदललं."

"मंगळवारी समिती आहे ना?"

"आहे. जुन्या निबंधांची फेरतपासणी त्यांच्या हातात आहे. आणायचं तर लेखी आणा. त्या वेळचं, किंवा ज्यानं धुतलं त्याच्या हातचं. नाहीतर हा आलेख फाइलला लावा आणि दुसऱ्यांच्या मागं दुसऱ्या नंबरावर उभ्या राहा. दोन वर्षांनी निवृत्त होताय, कशाला दगदग?"

"ज्यानं धुतलं तो माझा भाऊ आहे."

"ते सगळ्यांना माहीत आहे," संचालक म्हणाले आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. "बोलता का हो तुम्ही एकमेकांशी?"

हे विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो त्यांनी लपवला नाही. बाईंनी आलेख उचलला आणि दार न ओढता बाहेर पडल्या.

*

दादांचे दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पाणी तापवायच्या बंबांची दुरुस्ती. भिंतीला टेकून रिकाम्या टाक्या उभ्या, खिळ्यांना टांगलेल्या नळ्या, जमिनीवर पांढऱ्या भुकटीचा थर. दादा स्टुलावर बसून बंबातल्या एका गुंडाळीवरचा क्षार पटाशीने खरवडत होते. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, खांदे अजून रुंद, केस मात्र त्या भुकटीइतकेच पांढरे.

दारात वहिनी आल्या. त्यांनी बाईंना आपादमस्तक न्याहाळले.

"या, वन्सं," त्या म्हणाल्या. "वाट चुकलात की काय?"

"दादाकडे काम आहे."

"काम असल्याशिवाय कशाला याल? आई गेल्या त्या वेळीसुद्धा कामच होतं म्हणून आला नाहीत."

बाई आत आल्या. बसायला दुसरे स्टूल होते, त्यावर टाकीचे झाकण होते. ते कोणी उचलले नाही.

"दादा, एक विचारायचं होतं."

"बंब बिघडला असेल तर तिथं ठेव. पत्ता लिहून जा."

"कोळसा धुताना पाणी कुठलं घेत होतास? शेवटच्या वर्षी. ते सहा नमुने."

पटाशी थांबली. मग पुन्हा चालू झाली, आधीपेक्षा सावकाश.

"ऐकलंस का गं?" दादा बायकोला म्हणाले. "बेबीला प्रश्न पडलाय. अकरा वर्षांत हिला प्रश्न पडला."

बेबी हे बाईंचे घरातले नाव. प्रयोगशाळेत ते कोणाला ठाऊक असते तर हसून हसून लोकांची पोटे दुखली असती.

"टाकीचंच होतं ना?" बाई म्हणाल्या. "आज सिद्ध झालंय. त्या पाण्यातल्या कॅल्शियममुळे सगळं झालं. तू काहीच मिसळलं नव्हतंस."

"सिद्ध झालं का?" दादांनी गुंडाळीवरून निघालेली एक जाड पांढरी खपली उचलून बाईंसमोर धरली. "हे बघ तुझं कॅल्शियम. रोज पसाभर काढतो. दुकान टाकलं त्याच्या दुसऱ्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं. अठरा वर्षं कोळसा धुतलाय, बेबी. तुझ्याइतकं शिकलो नाही, पण तुम्ही लोक बोलता ते कान असलेल्या माणसाला ऐकू येतं."

"दहा वर्षं माहीत होतं तुला?"

"होतं."

"आणि बोलला नाहीस? तीन वर्षं मी तिथं डोकं आपटतेय. माझ्या पाठीमागं लोक काय काय बोलतात. एक फोन करायला काय झालं होतं?"

वहिनी मध्ये पडल्या. त्या मोठ्याने बोलत नव्हत्या, हेच वाईट होते.

"लोक तुमच्या पाठीमागं बोलतात, यांच्या तोंडावर बोलायचे. भेसळवाला. गल्लीतली पोरं म्हणायची, भेसळवाले काका आले. सहा महिने हा माणूस उंबऱ्याबाहेर पडला नाही. आणि तुम्ही पगाराच्या तारखेला पगार घेत होतात."

"मीही भोगलंय, वहिनी."

"खुर्चीत बसून भोगलंत."

बाईंची कानशिले तापली. त्यांना ओरडावेसे वाटले आणि तसे त्या ओरडल्या असत्या, पण मंगळवार डोळ्यांपुढे होता.

"चार ओळी लिहून दे," त्या म्हणाल्या. "टाकीच्या पाण्यानं धुतलं, एवढंच. तुझंही नाव धुऊन निघेल."

"माझं नाव मळलंय कुणाच्या हातानं ते तुला माहीत आहे. आणि चार ओळी मी लिहून दिल्यात. तेव्हाच. चौकशीत."

"तसलं काही नव्हतं तुझ्या जबाबात."

दादांनी पहिल्यांदा मान वर केली. बराच वेळ ते बहिणीकडे पाहत राहिले. त्या पाहण्यात राग होताच, पण आणखी काहीतरी होते. एखादी मोजणी चुकली की माणूस जसा पुन्हा पाहतो, तसे.

"नव्हतं?" ते म्हणाले.

"नव्हतं."

"मग जा आणि बघून ये. मी एकदा लिहिलंय. दुसऱ्यांदा लिहीत नाही. तुझ्यासाठी तर नाहीच नाही."

बाई पायऱ्या उतरल्या तेव्हा मागे पटाशीचा आवाज पुन्हा सुरू झाला होता. वहिनींनी दार लावून घेतले.

*

दप्तरखाना तळघरात होता. दप्तरी नाक पुसत फाइल घेऊन आले आणि ती टेबलावर आपटली.

"बंद चौकशी आहे," ते म्हणाले. "वाचा इथंच. बाहेर न्यायची तर प्रत काढा, आणि ज्याचा जबाब असेल त्याची प्रतीवर सही आणा. सही नाही तर समितीपुढे कागदाला किंमत नाही. फाइल नेऊ नका. मागच्या वेळी एक साहेब घेऊन गेले, ते अजून आणतायत."

ते चहाला गेले. बाईंनी दोरी सोडली.

त्यांना दादांचा जबाब शोधावा लागला नाही. आखीव कागदावर मोठमोठी, एकमेकांपासून दूर पळणारी अक्षरे. लहानपणी दादा त्यांच्या वह्यांवर नाव घालून द्यायचे आणि बाई शाळेत जाऊन त्यावर कागद चिकटवायच्या. या अक्षराची त्यांना तेव्हापासून लाज वाटे.

जबाब असा होता:

"डिस्टिल्ड पाण्याचे यंत्र तीन तारखेपासून चौदा तारखेपर्यंत बंद होते. त्या दिवसांत सहाही नमुने टाकीच्या पाण्याने धुतले. त्यात दुसरे काहीही मिसळले नाही. धुण्याआधी मी बहिणीला फोन करून विचारले होते. ती म्हणाली, टाकीचे घे, थांबू नकोस, मुदत जवळ आली आहे. म्हणून घेतले. हे मी तिच्यावर ढकलावे म्हणून सांगत नाही. विचारले म्हणून सांगतो."

खाली दादांची सही. आणि तिच्याखाली, निळ्या शाईत, नेटक्या, तिरप्या, गोलाईदार अक्षरांत दोन वाक्ये:

"वरील जबाब मी वाचला आहे. तो खोटा आहे."

आणि बाईंची सही.

बाईंनी ती दोन वाक्ये पुन्हा पुन्हा पाहिली. अक्षर त्यांचेच होते, त्याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. त्यांना ती खोली आठवली. चौकशी अधिकाऱ्यांनी कागद पुढे सरकवला होता आणि म्हणाले होते, तुमच्या भावाचा जबाब, वाचून शेरा द्या. बाईंनी ती पळणारी अक्षरे पाहिली. आता यानेही आपल्याला यात ओढले असणार, एवढाच विचार त्यांच्या मनात आला. डोळे त्यांनी पहिल्या ओळीवरही टेकवले नाहीत. पेन उचलले आणि लिहून टाकले. आपल्या हाताखाली कोळसा धुणाऱ्या माणसाच्या कागदात वाचण्यासारखे काही असेल, हेच त्यांना सुचले नव्हते. निबंध पुन्हा उभा करण्यासाठी गेली तीन वर्षे ज्या उत्तरामागे त्या धावल्या, ते इथे दुसऱ्या ओळीत होते, आणि त्याच्याखाली त्यांनी खोटे म्हणून सही केली होती.

फोनही आठवला. तोही आताच. मान आणि खांद्यामध्ये रिसीव्हर दाबून त्या निबंधाचे तक्ते तपासत होत्या. दादा पलीकडून काहीतरी यंत्राबद्दल बोलत होते, नेहमीसारखे लांबण लावून. "टाकीचं घे की," त्या म्हणाल्या होत्या. "थांबू नकोस." मग वहीत, सवयीने, डिस्टिल्ड.

कोपऱ्यात प्रत काढायचे यंत्र होते. बाईंनी जबाब काचेवर ठेवला आणि एक प्रत काढली. मग त्या थांबल्या. टेबलावर कोरे कागद पडले होते. त्यांनी एक उचलला, घडी घालून नीट कापला आणि जबाबाच्या वर ठेवला, असा की पहिली तीन वाक्ये उघडी राहावीत. यंत्र बंद होते. टाकीच्या पाण्याने धुतले. दुसरे काही मिसळले नाही. समितीला एवढेच हवे होते. यात खोटे एक अक्षर नव्हते. खाली पांढरी जागा राहील, तिथे दादांची आजची सही येईल. निबंध परत मिळेल, परक्या प्रयोगशाळेच्या सात वर्षे आधीचा पहिला नंबर परत मिळेल, आणि दादांवरचा डागही जाईल. यात कोणाचे काय वाईट होणार होते? उलट अख्खे पान समितीपुढे गेले तर चौकशीत खोटा शेरा दिला म्हणून नोकरी जाईल, निवृत्तीला दोन वर्षे उरलेली असताना. आणि संचालक चष्मा पुसत सगळ्यांना सांगत सुटतील.

त्यांनी बटण दाबले. दुसरी प्रत गरम गरम बाहेर आली. बाईंनी दोन्ही प्रती पिशवीत टाकल्या, दोरी बांधली आणि दप्तरी यायच्या आत वर आल्या.

*

सोमवारी संध्याकाळी दादा दुकान आवरत होते. बाईंनी पांढऱ्या जागेची प्रत त्यांच्यासमोर ठेवली.

"तू म्हणालास ते खरं होतं," त्या म्हणाल्या. "लिहिलं होतंस. मी पाहिलं नव्हतं. इथं सही कर, बाकी मी बघते."

दादांनी हात पँटीला पुसले. वहिनींनी आतून चष्मा आणून दिला आणि तिथेच उभ्या राहिल्या. दादांनी कागद वाचला. मग तो उलटा केला, मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला.

"मी एवढंच लिहिलं होतं?"

"कामाचं तेवढंच आहे."

"कुणाच्या कामाचं?"

"दोघांच्याही. दादा, आता उगाच फाटे फोडू नकोस. उद्या दहा वाजता समिती आहे. तुझ्यावरचा आरोप यानं जातो. तेच हवं ना तुला?"

"मला काय हवंय ते तुला कधीपासून कळायला लागलं?" दादांनी कागद परत बाईंकडे ढकलला. "हे मी लिहिलेलं नाही. यावर माझी सही कशाला? तूच कर. तुला सवय आहे."

वहिनी हसल्या. ते हसू ऐकून बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"काय करू मग?" त्या ओरडल्या. "अख्खं पान नेऊ? घालवू नोकरी? म्हणजे तुमचं समाधान होईल? फिटेल सगळं?"

"ओरडू नका, वन्सं," वहिनी म्हणाल्या. "शेजारी ऐकतील. आम्हाला सवय आहे, तुम्हाला नाही."

दादांनी पटाशी उचलली, जागेवर टांगली, गुंडाळी कोपऱ्यात नेऊन ठेवली, झाडू घेतला. जमिनीवरची पांढरी भुकटी ते दाराकडे लोटू लागले. बाईंच्या चपलांपाशी आल्यावर त्यांनी झाडू थांबवला, पण त्यांना बाजूला हो म्हणाले नाहीत. नुसते उभे राहिले.

बाईंनी पिशवीत हात घातला आणि दुसरी प्रत काढली. पूर्ण पान.

दादांनी ते घेतले नाही.

"वाच," ते म्हणाले.

"तुला माहीत आहे काय आहे ते."

"मला पाठ आहे. तू वाच. मोठ्यानं. हिलाही ऐकू दे, हिनं कधी ऐकलं नाही."

बाईंनी वहिनींकडे पाहिले. वहिनींच्या तोंडावरचे हसू गेले होते.

बाई वाचू लागल्या. सभांमध्ये वाचायच्या त्या आवाजात त्यांनी सुरुवात केली आणि तो आवाज दुसऱ्या वाक्यापर्यंतच टिकला. यंत्र तीन तारखेपासून बंद होते. सहाही नमुने टाकीच्या पाण्याने धुतले. त्यात दुसरे काहीही मिसळले नाही. दादांची अक्षरे वाचायला अवघड होती, दोन ठिकाणी त्या अडखळल्या आणि कोणी त्यांना शब्द पुरवला नाही. मी बहिणीला फोन करून विचारले होते. इथे वहिनींनी नवऱ्याकडे पाहिले. दादा खाली भुकटीकडे पाहत होते. हे मी तिच्यावर ढकलावे म्हणून सांगत नाही, बाईंनी वाचले, आणि विचारले म्हणून सांगतो, असेही वाचले. त्या थांबल्या.

"पुढं आहे अजून. चौकशीत दाखवलं होतं मला," दादा म्हणाले.

"ते तुझं नाही."

"ते वाच."

बाईंनी कागद चेहऱ्याजवळ नेला. अक्षर स्वच्छ होते, त्याची गरज नव्हती.

"वरील जबाब मी वाचला आहे," त्या म्हणाल्या. "तो खोटा आहे."

बाहेर रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. वहिनींनी पदराने तोंड पुसले, स्टुलावरचे झाकण उचलून खाली ठेवले आणि आत निघून गेल्या. बाई त्या स्टुलावर बसल्या.

दादांनी बाईंच्या हातातून पान घेतले, टाकीच्या पत्र्यावर टेकवून खाली सही केली, तारीख घातली. अक्षरे तशीच, मोठी, एकमेकांपासून दूर पळणारी. मग पान आणि पेन दोन्ही त्यांनी बाईंपुढे ठेवले.

"तुझं पहिलं वाक्य आज खरं झालं," ते म्हणाले. "दुसऱ्याचं काय ते तू बघ."